आधी कोण उठलं

ढुंढिराजकाका आठल्ये दक्षिणेकडे तोंड करून बसले होते आणि त्याचा दोष मला देत होते.

"जिवंत माणसाला असं बसवतात काय रे?"

"काका, खुर्ची तिथेच मावते."

खरंच तिथेच मावत होती. बालाजी घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत आमच्या वेदपाठ न्यासाची इमारत आहे, तिच्या तळमजल्यावर ही खोली. पूर्वी इथे समाराधनेची भांडी ठेवत. भांडी एकात एक बसतात, विश्वस्त बसत नाहीत. खोलीला खिडकी नाही. दार उत्तरेला, आणि ते आत उघडतं. दाराला पाठ लावून खुर्ची, खुर्चीवर काका. म्हणजे काका उठले तर दार उघडणार. आणि काकांनी सकाळीच जाहीर केलं होतं की मानाचा निकाल लागेपर्यंत आपण उठणार नाही.

बाकीचे दोघे विश्वस्तही उठणार नव्हते. आमच्या न्यासात बैठकीतून जो आधी उठतो त्याचं म्हणणं पडलं असं धरतात. पंगतीतून आलेली शिस्त आहे. फरक एवढाच की पंगतीत जेवण मिळतं.

सीताकाकू टकले माझ्या सुटकेसवर बसल्या होत्या. वेणीमाधवकाका मोघे, न्यासाचे कार्यवाह आणि बँकेतून निवृत्त, यूपीएसच्या खोक्यावर. ते बसल्यापासून यूपीएस अधूनमधून शिट्टी मारत होता. मी, निनाद, न्यासाचा सगळा कॉम्प्युटर विभाग, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये होतो.

संध्याकाळी माझी पुण्याची गाडी होती. तिकडे नोकरी लागली होती. रुजू होण्याची तारीख मी आधीच पुढे ढकलून घेतलेली, आणि या वेळी पुण्याच्या बाईंनी फोनवर फार प्रेमाने सांगितलं होतं की आता नाही आलात तर दुसरा मुलगा तयार आहे. तो दुसरा मुलगा मला दिसायचा. तो एका मोठ्या खिडकीपाशी बसलेला असायचा.

दाराबाहेरून ऋतुराज ओरडला, "अबे निनाद! निकल रहा है कि आरती के बाद आऊँ?" ऋतुराज माझा मित्र. मोटारसायकल दारासमोरच लावून मला कँट स्टेशनवर सोडायला आला होता.

"पाच मिनिट!" मी ओरडलो.

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

"मला न्यायला आलाय."

"त्याला म्हणावं, दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या माणसासमोर असलं बोलू नये."

प्रकरण असं. तिन्ही घरांचे आजोबा घनपाठी होते आणि तिघांचंही पठण टेपवर होतं. न्यासाने ते कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, एक सर्व्हर भाड्याने घेतला. सर्व्हर आभासी. म्हणजे तो कुठेतरी आहे, पण बोट दाखवून इथे आहे असं कोणी सांगू शकत नाही. काशीतल्या लोकांना हे समजावणं अजिबात अवघड गेलं नाही. सीताकाकू "निर्गुण" एवढंच म्हणाल्या आणि विषय संपला.

अडलं ते डिस्कवर. एका डिस्कवर तिघांचंही पठण सहज मावलं असतं आणि निम्मी डिस्क रिकामी राहिली असती. मी तसं म्हणालो, तर तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तीन घरांचा स्वयंपाक एका पातेल्यात शिजवायला सांगतोय. मग तीन घरांच्या तीन डिस्क घेतल्या. त्याही आभासी, पण सोवळ्यात.

आता डिस्कचं असं असतं की सर्व्हर सुरू होताना ज्या क्रमाने त्या हजर होतात त्या क्रमाने त्याला त्यांची नावं मिळतात. एसडीबी, एसडीसी, एसडीडी. आज आठल्यांची डिस्क आधी जागी झाली तर ती एसडीबी. उद्या टकल्यांची झाली तर ती. शाळेत जो आधी येईल त्याचा हजेरीत पहिला नंबर, आणि रोज नवी हजेरी, असा प्रकार. खऱ्या यंत्रात हे जरा कमी होतं, आभासी यंत्रात वारंवार होतं. ज्यांना शरीरच नाही त्यांनी रांगेत कसं उभं राहायचं?

सर्व्हरवाले त्यांच्या सोयीने तो बंद-चालू करत. तो उठला की मी या खोलीत हजर पाहिजे, कोणती डिस्क कोणाची ते पाहून हाताने जोडायला. नाहीतर रोज आपोआप निघणारी नक्कल, म्हणजे बॅकअप, एका आजोबांवर दुसरे आजोबा लिहून टाकायची. हे पुण्यात बसूनही करता आलं असतं. पण न्यासाचा ठराव होता की सर्व्हरला या खोलीतूनच हात लावायचा. "प्रत्येक कामाआधी संकल्प आहे," काका म्हणाले होते. "पुण्यात बसून काशीचं 'आनंदवने महाश्मशाने' कसं म्हणणार तू? खोटं पडेल."

मी जोडत होतो तोवर कोणाला काही कळलं नाही. मग मला ताप आला आणि नेमकी मोघे आजोबांची पुण्यतिथी आली.

मोघ्यांनी गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं, पितरांना बरं वाटावं म्हणून मोबाइलवर आजोबांचं पठण लावलं. सर्व्हर पहाटेच उठून बसला होता. मोघे आजोबांच्या फोटोखालून आठल्ये आजोबांचा आवाज आला. ओळखायला काहीच अवघड नव्हतं. आठल्ये आजोबा दर अनुवाकाच्या शेवटी खोकतात. कावळा कठड्यावर बसून ऐकत होता. पानाकडे बघेना. वेणीमाधवकाकांनी मला तापातून उठवून आणलं, मी डिस्क जोडल्या, मोघे आजोबांचा आवाज सुरू झाला आणि कावळ्याने वड्याला चोच लावली.

त्या दिवसापासून माझी सुटका अशक्य झाली. न्यासाला कॉम्प्युटरवाले शंभर मिळतील, पण कावळा ज्याचं ऐकतो असा एकच.

आणि त्याच दिवशी सगळ्यांना दुसरीही गोष्ट कळली. न्यासाच्या संकेतस्थळावर आजोबांची नावं डिस्कच्या क्रमाने येतात. म्हणजे सर्व्हर जेव्हा जेव्हा उठतो तेव्हा मान बदलतो.

"एसडीबी म्हणजे पहिला मान ना?" आज सकाळी काकांनी सुरुवात केली होती.

"तशी ती दुसरी. एसडीए सर्व्हरची स्वतःची असते."

"म्हणजे पाहुण्यांच्या आधी यजमान जेवला?" सीताकाकू म्हणाल्या. "कुठलं घराणं आहे हे सर्व्हरवाले?"

मी ठरवलं होतं की जाण्याआधी हे कायमचं मिटवायचं. उपाय साधा होता. प्रत्येक डिस्कला आतून एक लांबलचक क्रमांक असतो, तो कधीच बदलत नाही. सर्व्हरला म्हणायचं की बाबा, कोण आधी आलं ते बघू नकोस, हा क्रमांक दिसेल त्यालाच आठल्ये म्हण.

"म्हणजे गोत्र-प्रवर," वेणीमाधवकाका म्हणाले.

"अगदी तेच! माणूस कुठेही बसला तरी गोत्र तेच."

"इतकं सीधं होतं तर आजवर केलं का नाहीस?"

"तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात पितृपक्ष आहे, मग म्हणालात अधिक महिना आहे, मग तुम्ही झोपला होतात."

"वाच बघू ते गोत्र," काका म्हणाले.

मी वाचलं. आठल्यांचा क्रमांक नवापासून सुरू होत होता, मोघ्यांचा 'एफ'पासून, टकल्यांचा शून्यापासून.

"शून्य?" सीताकाकूंनी सुटकेसवर हात आपटला. आत काहीतरी मोडलं. "आमच्या आजेसासऱ्यांना शून्य? सबंध काशीत घन म्हणणारा माणूस, आणि शून्य?"

"काकू, शून्य सगळ्यात आधी येतं."

काकू थांबल्या. "मग ठीक आहे."

"ठीक कसं?" काका म्हणाले. "नऊ मोठा की शून्य मोठं?"

"एफ म्हणजे काय, नापास?" वेणीमाधवकाकांनी विचारलं. यूपीएसने शिट्टी मारली.

मी सांगितलं की हा क्रमांक कोणालाही दिसणार नाही, तो फक्त आतल्या आत. तेव्हा कुठे तिघांनी परवानगी दिली. मी लिहिलं. आता सर्व्हर एकदा बंद-चालू करून पाहायचा होता. काकांनी खिशातून छोटं पंचांग काढलं.

"राहुकाळ आहे."

"काका, गाडी आहे."

"गाडीला राहुकाळ नसतो असं कोण म्हणालं?"

आम्ही राहुकाळ बसून काढला. एसीचं पाणी टप टप बादलीत पडत होतं. काकूंनी मला एक लाडू दिला, तो त्यांनी माझ्याच सुटकेसच्या बाहेरच्या कप्प्यातून काढला होता. बाहेर ऋतुराज कोणालातरी सांगत होता, "तीन बुजुर्ग बैठे हैं अंदर, पता नहीं लड़के से क्या पढ़वा रहे हैं।"

राहुकाळ संपला. मी सर्व्हर बंद केला, चालू केला. डिस्क नेहमीप्रमाणे आपापल्या लहरीने उठल्या. या वेळी टकले एसडीडी, मोघे एसडीबी. मी आठल्यांच्या फोटोवर टिचकी मारली. पठण सुरू झालं. आम्ही चौघं अनुवाक संपायची वाट बघत होतो.

आजोबा खोकले.

"तेच!" काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय खोकायचे..."

मी परत बंद-चालू केलं. डिस्क पुन्हा उलटसुलट. आजोबा पुन्हा खोकले, आपल्याच फोटोखाली. झालं होतं. आता सर्व्हर कधीही उठो, कोणत्याही क्रमाने उठो, त्याला माझी गरज उरली नव्हती. मी उभा राहिलो आणि सुटकेसकडे, म्हणजे काकूंकडे पाहिलं.

"आणि पानावर पहिलं नाव कोणाचं?" काकू म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत.

मी खाली बसलो.

वर्णक्रमाने लावू म्हणालो. आठल्ये पहिले आले. इंग्रजीत लावलं, तरी आठल्ये पहिले. काका खुर्चीत प्रसन्न झाले. काकू म्हणाल्या वर्णमाला पक्षपाती आहे. वेणीमाधवकाका म्हणाले वयाने लावा, पण तिघांच्याही आजोबांच्या पत्रिका घरच्यांनी केल्या होत्या आणि प्रत्येक घराचे आजोबा इतर दोघांहून थोरले होते. मी म्हणालो, दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं कोणतंही नाव वर येऊ दे. "म्हणजे पुन्हा तेच, जो आधी उठेल तो!" तिघे एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

ऋतुराजने दार वाजवलं. काकांच्या पाठीत धक्का बसला. "गुरु, गोदौलिया पे जाम लगने वाला है। अब नहीं निकले तो टिकट का फूल बना के गंगाजी में चढ़ा देना।"

काकांना खुर्चीसकट बाजूला करणं शक्य होतं. ते हलके आहेत. पण माझ्या मुंजीत वडील माझ्या कानात मंत्र सांगत होते तेव्हा ते शेजारी बसले होते, आणि असल्या माणसाला उचलायचं म्हणजे खुर्चीपेक्षा बरंच काही उचलावं लागतं.

शेवटी तोड सीताकाकूंनीच काढली. "देवळात पूजेची पाळी असते तशी लावा. एक वर्ष ह्यांचं नाव वर, एक वर्ष त्यांचं, एक वर्ष आमचं."

काका विचारात पडले. पाळीला नाही म्हणणं म्हणजे देवळाला नाही म्हणणं. "मान्य," ते म्हणाले.

"मान्य," वेणीमाधवकाका म्हणाले. "पहिलं वर्ष कोणाचं ते नंतर बघू."

ते 'नंतर' मी मुद्दाम ऐकलं नाही. "उत्तम! मी आत्ताच लिहून ठेवतो. दर पाडव्याला आपोआप बदलेल."

"आपोआप?" काकांनी भुवई उचलली. "यंत्र मान देणार? मान माणसाने द्यायचा असतो. दर पाडव्याला, या खोलीत, संकल्प करून, हाताने."

"कोणाच्या?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला कावळा आठवला. तोही असाच बघत होता.

"हे मोठं काम आहे," वेणीमाधवकाका हळुवारपणे म्हणाले. "असं मोलाने करून घ्यायचं नाही. तुला वृत्तीच देऊन टाकू. वंशपरंपरेने. तुझ्यानंतर तुझा मुलगा, मग त्याचा."

"माझं लग्न नाही झालेलं."

"होईल," काकू म्हणाल्या. "इथेच राहिलास तर होईल. संकठा घाटावरच्या नीरजाची मुलगी आहे."

मला उभं करण्यात आलं. मी म्हणालो मला नको. काका म्हणाले नको म्हणणं हाच विनय, चालू द्या. वेणीमाधवकाकांनी खोका फिरवून पूर्वेकडे तोंड केलं, काकूंच्या पिशवीतून गंगाजलाची छोटी बाटली निघाली. मला धरून दाराकडे वळवलं.

"असा का?" मी विचारलं.

"देणाऱ्याने पूर्वेकडे बघायचं, घेणाऱ्याने उत्तरेकडे," काका म्हणाले. "एवढंही माहीत नाही? उत्तरेकडे तोंड नसेल तर घेतलेलं लागू पडत नाही."

मी उत्तरेकडे पाहिलं. उत्तरेला काका होते. काकांच्या मागे दार होतं. दाराच्या मागे ऋतुराज, मोटारसायकल, गोदौलिया, कँट, पुणे. वेणीमाधवकाकांनी माझ्या तळहातावर पाणी सोडलं. मी पाहत होतो की ते बोटांमधून निसटतं का. निसटलं नाही. माझ्या मुलाचा, नातवाचा, खापरपणतूचा आणि त्या खोलीत दर पाडव्याला बसलेल्या सगळ्या वंशाचा चेहरा मला एकामागोमाग एक दिसला. सगळ्यांच्या पाठीला एसीचं पाणी लागत होतं.

"काका," मी म्हणालो, "आता ही वृत्ती माझी?"

"तुझी."

"परत घेता येत नाही?"

"उदक सोडलं की सोडलं."

"मग माझी वस्तू मी कोणालाही दान करू शकतो."

काका शास्त्राच्या माणसाला शोभेल असं थांबले. "सत्पात्री असेल तर."

"या खोलीत सत्पात्र कोण आहे?"

मी नाही, असं म्हणायला कोणी तयार नव्हतं, आणि तो आहे, असंही कोणी म्हणेना.

"मग मी तिघांना समाईक देतो," मी म्हणालो. "दर पाडव्याला ज्याचं वर्ष संपलं त्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव खाली घ्यायचं. मी कागदावर लिहून चिकटवतो, दोन बटणं आहेत. काकू तर मोबाइलवर भाजी मागवतात."

"हे बरं नाही," वेणीमाधवकाका म्हणाले.

"तुम्हाला नको असेल तर आठल्ये आणि टकले घेतील."

"नको कोण म्हणालं?"

मी बाटली उचलली. "घेणाऱ्यांनी उत्तरेकडे तोंड करायचं."

वेणीमाधवकाका खोक्यावर फिरले. काकू सुटकेसवर अर्ध्या फिरल्या. काका आपल्या मांडीकडे बघत राहिले. त्यांच्यासमोर सबंध दक्षिण पसरली होती.

"बसल्या बसल्या मान वळवली तर?" वेणीमाधवकाकांनी सुचवलं.

"मान वळवून दान घ्यायला मी घुबड आहे काय?"

"काका, तुम्ही नाही घेतलंत तर दोघांचंच होईल," मी म्हणालो. फार हळू म्हणालो.

"पण आधी उठायचं नाही असं..."

"तिघं एकदम उठा. मी मोजतो."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रेल्वेच्या फाटकावर तीन रिक्षावाले एकमेकांकडे पाहतात तसं.

"एक," मी म्हणालो. "दोन. तीन."

ते उठले. काकांचा एक गुडघा वाजला, काकूंचे दोन. काकांनी स्वतः खुर्ची उचलून बाजूला घेतली आणि उत्तरेकडे, म्हणजे दाराकडे, तोंड करून ओंजळ पुढे केली. मी पूर्वेला वळलो, 'आनंदवने महाश्मशाने'पासून सगळं नीट म्हटलं, कारण अजून काशीतच होतो आणि खोटं पडायला नको होतं. तीन ओंजळींत पाणी सोडलं. "न मम," म्हणालो. आयुष्यात कुठल्याही विधीत एवढ्या मनापासून काही म्हटलं नव्हतं.

मग तिघांना वाकून नमस्कार केला, वाकलोच होतो म्हणून सुटकेस उचलली आणि दार ओढलं. ते उघडलं.

गल्लीत ऊन होतं. ऋतुराज मोटारसायकलला टेकून कुल्हडातला शेवटचा चहा पीत होता. "छूट गए?" तो म्हणाला. तो सीटवर बसताच मी सुटकेस त्याच्या पुढ्यात आदळली आणि मागे बसलो. किक बसेना. दुसरीही बसेना.

मागून, उघड्या दारातून, वेणीमाधवकाकांचा आवाज आला. "झालं छान. आता पहिलं वर्ष कोणाचं?"

"जो आधी उठला त्याचं," काका म्हणाले. "तसाच नियम आहे ना त्या डिस्कांचा?"

"मग मी आधी उठले," सीताकाकू म्हणाल्या.

"सीताबाई, तुम्ही 'दोन'ला उठलात. ते उठणं बाद."

"गुडघा तुमचा नंतर वाजला, ढुंढिराज. ऐकलंय सगळ्यांनी."

"निनादला विचारू. निनाद! अरे निनाद!"

तिसऱ्या किकला मोटारसायकल सुरू झाली. वळणावर पोचेपर्यंत मला मागून तो आवाज ऐकू येत होता. फरशीवरून खुर्ची सरकवत, पुन्हा दाराला लावल्याचा.